त्रिकोणी बागेची मोजदाद

शुक्रवार, १३

काय घडलं ते आधी क्रमाने.

१. पालिकेच्या उद्यान कचेरीने राजधानीतल्या अकरा बागांच्या फाटकांवर माणसं मोजणारी यंत्रं लावली आहेत. सगळी मी बसवली.

२. फाटकाच्या एका खांबातून दुसऱ्या खांबाकडे दोन किरण जातात, एकामागे एक. डोळ्यांना दिसत नाहीत. कुठला आधी तुटला यावरून माणूस आत आला की बाहेर गेला ते कळतं. फक्त आत येणारे धरायचे.

३. मोजणी १ ते ३० तारीख. ज्या बागेत रोज सरासरी ३५० माणसं येणार नाहीत, ती बंद.

४. नऊ नंबरची बाग दोन रस्त्यांच्या बेचक्यात आहे. तिला त्रिकोणी बाग म्हणतात. ती बंद झाली तर तिथे गाड्या ठेवायची सहा मजली इमारत होईल. नकाशा तयार आहे.

५. १ ते १० तारखेपर्यंत त्रिकोणी बागेची सरासरी २१४. ११ ला ३७१. १२ ला ३९४. आज ४०२.

६. हवा तीच. सुट्टी नाही. आसपास नवीन काही उघडलेलं नाही. बाकी दहा बागांत फरक नाही.

७. दोन्ही फाटकांची यंत्रं आज उघडून तपासली. दोष नाही.

कचेरीच्या नोंदवहीत संशयाला रकाना नाही, म्हणून ही वही. ३५० हा आकडा साहेबांना माहीत आहे आणि मला. बाहेर तिसऱ्या कुणाला नाही. तरी कुणीतरी तो गाठायला निघालं आहे.

पहिला संशय रखवालदारावर. तो यंत्राच्या काचा रोज पुसतो. त्याला कुणी सांगितलेलं नाही. "धूळ बसते हो ताई," म्हणाला. पुसता पुसता हात आत-बाहेर केला तरी माणूस मोजला जातो. झाकणाखाली दिवसाचा आकडा दिसतो, तोही त्याला वाचता येतो. त्याने मला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि पुन्हा कधी येणार ते दोनदा विचारलं.

शनिवार, १४

सकाळी तळ्याची बाग आणि टेकडीची बाग. तळ्याच्या बागेत होड्यांची रांग, टेकडीच्या बागेत एकशे चाळीस पायऱ्या. दोन्हीकडे आकडे नेहमीचे. राजधानीतल्या अकराही बागा पाहिल्या असं मी लोकांना सांगते. खरं म्हणजे मी अकरा बागांची तेवीस फाटकं पाहिली आहेत.

काल लिहिलेल्यात एक दुरुस्ती. ३५० चा आकडा आणखी एका व्यक्तीला माहीत आहे. मंगळवारी, १० तारखेला, जेवताना मी आत्याला सांगितला होता.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. वय ६१. तीस वर्षं तयार कपड्यांच्या कारखान्यात बेतणीचं काम केलं. मला इथे नोकरी लागली तेव्हा दोन महिन्यांसाठी म्हणून तिच्याकडे राहायला आले, त्याला तीन वर्षं झाली. ती एकटीच बोलते. मी ऐकते, किंवा ऐकत नाही.

त्या दिवशी तिने विचारलं, "तुझ्या त्या अकरांत आपली त्रिकोणी पण आहे का गं?" बाग आमच्या घरापासून दोन गल्ल्यांवर आहे.

"आहे. पण जाईल ती."

"जाईल म्हणजे? बाग काय बदलीवर जाते?"

मग मी आकडे सांगितले. ती कधी नव्हे ते गप्प बसून ऐकत होती. नंतर यंत्राबद्दल प्रश्न.

"दोघं हातात हात घालून गेले तर?"

"किरण एकदाच तुटतो. एक."

"म्हणजे लग्न केलं की अर्धा माणूस. आमच्या वेळी यंत्राशिवायच ठरायचं ते." मग म्हणाली, "आणि किरण जमिनीपासून किती उंचावर?"

"एकशे दहा सेंटिमीटर. कुत्री मोजली जाऊ नयेत म्हणून."

तिचा घास हातातच राहिला. "एकशे दहा," ती म्हणाली.

"नियम आहे. उंची बदलता येत नाही."

"मी कुठे बदल म्हणाले," असं म्हणून ती पाणी प्यायली.

हे सगळं लिहून ठेवलं कारण मला अर्धवट नोंद आवडत नाही. पण आत्याला संशयात धरायचं कारण नाही. ती बागेत जात नाही, तिचे गुडघे दुखतात. आज संध्याकाळी परातीत गरम पाणी आणि मीठ घेऊन पाय बुडवून बसली होती. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय म्हणे.

"कुठल्या डॉक्टरांनी?"

"असतो एक," ती म्हणाली. "सगळ्यांना नंबर लावायला नको."

मंगळवार, १७

शनिवार ४२४. रविवार ४२४. सोमवार ४२४.

पहिल्या तेरा दिवसांची बेरीज ३३०७. महिन्याची सरासरी ३५० यायला एकूण १०५०० हवेत. उरले ७१९३, दिवस सतरा. भागाकार ४२३.१. माणूस दशांशात येत नाही, म्हणून ४२४.

हा भागाकार कुणीतरी केला आहे. केला तर केला, पण तो दिवसागणिक जशाच्या तसा उतरवणं हा शुद्ध गाढवपणा आहे. रविवारी बाकी सगळ्या बागा दीडपट भरतात, इथे तीच संख्या. म्हणजे रविवारी खरी माणसं जास्त आली आणि खोटी कमी घातली. मोजून मापून, कापडाचा तुकडा वाया न घालवता.

दुसरी गोष्ट. दोघं शेजारून गेले की किरण जास्त वेळ तुटलेला राहतो. आकडा एकच पडतो, पण वेळेच्या नोंदीवरून जोडी ओळखता येते. १० तारखेपर्यंत त्रिकोणी बागेत रोज पन्नास-साठ जोड्या दिसत होत्या. ११ पासून त्या निम्म्यावर आल्या आहेत, आणि सकाळी दहा ते बारा आणि दुपारी चार ते सहा या वेळांत तर जवळजवळ नाहीतच. त्या वेळांत एकेक माणूस सुटा, ठरावीक अंतराने. या बागेत माणसांनी बरोबर चालणं सोडून दिलं आहे. खोटं करणाऱ्याला थोडी अक्कल असती तर त्याने रोज पाच-दहाचा फरक ठेवला असता आणि दोन-चार जोड्याही राहू दिल्या असत्या.

आज साडेदहाला न कळवता गेले. नेहमी पश्चिमेच्या फाटकाने जाते, आज पूर्वेच्या. एक मफलरवाले गृहस्थ समोरून येत होते आणि मोठ्याने बोलत होते. शेजारी कुणी नाही. "पायरी आहे," म्हणाले. मग, "आता डावीकडे. तीन पावलं सरळ." त्यांच्या मागे सहा पावलांवर एक बाई, हात थोडा पुढे धरून. ती कुणाकडेच बघत नव्हती. हा सांकेतिक प्रकार असावा.

तेवढ्यात रखवालदाराने मला पाहिलं आणि शिट्टी वाजवली. गवतात कुणीही नव्हतं, कुत्रंही नव्हतं.

"शिट्टी कशाला?"

"सवय हो ताई."

बाग ओलांडून आतल्या बाकांपाशी पोचले तर पाच माणसं बसलेली. मफलरवाले, ती बाई, आणखी तिघं. पाचही लाल चेहऱ्याची, कपाळ पुसणारी. आज थंडी होती. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. एका बाकाच्या टोकाला कापडी पिशवी होती आणि तिच्याशेजारी कुणी नव्हतं. झुडपामागे काहीतरी हललं. मांजर असेल.

बुधवार, १८

मोजपट्टी हवी होती म्हणून आत्याचं कपाट उघडलं. खालच्या कप्प्यात उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेले पळण्याचे बूट. नवे, पण टाचा आतल्या बाजूने झिजलेल्या. आठ-दहा दिवसांत इतक्या झिजायला माणसाने बरंच चालायला हवं.

शेजारीण म्हणाली की आत्या रोज दहाला बाहेर पडते, साडेबाराला येते, चारला पुन्हा जाते. मी घरी यायच्या आत परत.

आत्याला कुणीतरी भेटत असावं. माझा त्याला आक्षेप नाही. लपवण्याला आहे. एकाच घरात राहायचं आणि एकमेकींपासून चोरून वागायचं, हे बरोबर नाही. (ही वही मी गादीखाली ठेवते, पण ती कामाची आहे. तो भाग वेगळा.)

जेवताना सरळ विचारलं. "आत्या, तू कुणाला भेटतेस का?"

"पाच जणांना," ती म्हणाली आणि ठसका लागेपर्यंत हसली.

शुक्रवार, २०

मंगळवार ४३१. बुधवार ४१९. गुरुवार ४२७. दहा ते बारामध्ये जोड्याही दिसतात.

म्हणजे यंत्र ठीक, आकडे नैसर्गिक. माझी शंका फिटली. रखवालदारावर उगीच संशय घेतला. बाग लोकप्रिय होत असेल, त्यात काय.

सोमवारी, २३ तारखेला, सकाळी नऊपासून संध्याकाळी सहापर्यंत नदीकाठच्या बागेत असेन. तिकडे तीन फाटकं आहेत, दिवस जाईल. त्रिकोणी बागेत या आठवड्यात जाणार नाही.

सोमवार, २३
(सुट्या कागदावर. नंतर वहीत डकवलं.)

शुक्रवारची नोंद खोटी आहे. मुद्दाम लिहिली.

अनुमान असं. रोज पाच-दहाचा फरक आणि दोन-चार जोड्या, ही सूचना मी मंगळवारी संध्याकाळी सातनंतर फक्त वहीत लिहिली. साहेबांना नाही, कुणालाही नाही. बुधवारी सकाळी दहापासून ती अमलात आली. मंगळवारचा दिवस त्याआधीच संपला होता आणि त्याचा आकडा आहे ४३१. मी अवचित गेले तेव्हा घाबरून मोजणी चुकली असावी. बुधवार-गुरुवारचे आकडे मात्र घाबरलेल्याचे नाहीत, शिकवलेल्याचे आहेत.

वही गादीखाली असते. घरात माणसं दोन.

बुधवारी रात्री मी वहीत पेन्सिल ठेवली, टोक शिवणीकडे. गुरुवारी टोक बाहेर होतं.

म्हणून वहीत नदीकाठ लिहिला आणि आज सकाळी नऊला त्रिकोणाच्या टोकासमोरच्या दुकानाच्या माळ्यावर जाऊन बसले. दुकान घड्याळजीचं आहे. माळ्याच्या खिडकीतून दोन्ही फाटकं दिसतात. पालिकेचं ओळखपत्र दाखवलं. म्हातारा म्हणाला, "बस पोरी. इथे सगळे वेळच बघायला येतात, तू माणसं बघ." मला स्टूल दिलं आणि स्वतः भिंग लावून कामाला लागला.

बाग मी पहिल्यांदा वरून पाहिली. मधोमध गोल हौद आहे, कोरडा. अकरा बाक, घसरगुंडी, एक फार मोठं झाड, ज्याच्याखाली सकाळीसुद्धा सावली असते. पश्चिमेच्या फाटकापासून पूर्वेच्या फाटकापर्यंत तिरपी वाट. फाटकांमध्ये बाहेरून पदपथ.

नऊ छपन्नला आत्या आली. कापडी पिशवी बाकावर ठेवली, बुटांचे बंद आवळले आणि पूर्वेने बाहेर पडली. पदपथावरून वळसा घेऊन पश्चिमेने आत. वाट ओलांडून पूर्वेने बाहेर. पुन्हा वळसा. तिच्या मागे थोड्या थोड्या अंतराने बाकीचे पाच.

मी हातमोजणीचं बटण घेऊन बसले होते. आत्यासाठी वेगळी रेघ.

सव्वादहाला बालवाडीची मुलं आली. बावन्न. पुढे एक बाई, मागे एक बाई, मध्ये एका दोरीला धरलेली मुलं. संध्याकाळी त्या वेळेची यंत्राची नोंद काढली. त्या वेळी त्या फाटकातून दोन माणसं आत आली. पुढची बाई आणि मागची बाई.

एकशे दहा सेंटिमीटर. चार वर्षांचं मूल साधारण एकशे दोन असतं. कारखान्यात तीस वर्षं लहान मुलांचे कपडे बेतलेल्या बाईला हे तोंडपाठ असणार. मला ते पुस्तकात बघावं लागलं. आज बघितलं.

एका फेरीनंतर आत्या पश्चिमेच्या फाटकाच्या खांबाला धरून उभी राहिली. सव्विसावी फेरी. एक पाय वर उचलून तिने घोटा फिरवला. रखवालदाराने खुर्ची आणली, तिने हाताने नको म्हटलं. एक मिनिट चाळीस सेकंदांनी पुन्हा चालायला लागली. मी खाली गेले नाही. मोजणी अर्धी राहिली असती.

घड्याळजी भिंगातून वर न बघता म्हणाला, "कशाला मोजतेस त्यांना? रोजचंच आहे. दहा तारखेनंतर सुरू झालंय."

"कोण आहेत ते?"

"त्या झाडाखालची मंडळी. वीस वर्षं बघतोय. आधी बसायची, आता पळतात. ते मफलरवाले आणि त्यांची बायको, तिला दिसत नाही. कायम हाताला धरून न्यायचे. मध्ये आठवडाभर वेगळे वेगळे चालत होते, हा पुढून पायरी-पायरी ओरडतोय आणि ती मागून चाचपडतेय. मला बघवेना. बुधवारपासून परत हात धरलाय. कुणीतरी अक्कल दिली असेल."

पश्चिमेने एक जण आत आला, मी बटण दाबलं.

"आणि ती उंच बाई आहे ना, तिची भाची मोठी यंत्रवाली आहे म्हणे. सगळ्यांना सांगत असते. आमची पोर बोलत नाही, पण तिचा आकडा चुकत नाही."

"मग तिचाच आकडा चुकवायला का निघालेत?"

"ते म्हणतात, चुकवत नाही. यंत्राला जी दिसत नाहीत, त्यांच्या वतीने चालतो." मग भिंग काढून त्याने माझ्याकडे पाहिलं. "तू पालिकेत काय करतेस म्हणालीस?"

"दुरुस्ती," मी म्हटलं.

वतीने चालणं हा मोजणीचा प्रकार नाही. तरी मोजणी अशी:

यंत्राचा आजचा आकडा, माझ्या स्वतःच्या दोन नोंदी सोडून, ४२८. त्यात सहा जणांच्या फेऱ्या २१९ (आत्याच्या ४१). त्या वजा करून २०९. सहा जण प्रत्येकी एकदाच धरून २१५. जोडीने किंवा घोळक्याने आल्यामुळे यंत्राने सोडलेली माणसं ५८ (नऊच्या आधीची वेळेच्या नोंदीवरून). किरणाखालून गेलेली मुलं ७३. खरी माणसं ३४६.

चार कमी.

तीनदा मोजलं. मी स्वतः दोनदा बागेत जाऊन आले होते, दुपारी आणि संध्याकाळी, आत्या नसताना, बटण हातातच ठेवून. मी स्वतःला धरलं नाही.

घरी आले तेव्हा आत्याने विचारलं, "कशी होती नदीकाठची?"

"फाटकं तीन आहेत," मी म्हटलं.

बुधवार, २५

साहेबांना अहवाल दिला. पानं पाच. त्यांनी समोर बसवून वाचला.

"म्हणजे सहा म्हाताऱ्यांनी पालिकेला दोन आठवडे फिरवलं."

"फिरत तेच होते."

साहेब हसले नाहीत. "निकष कुणी फोडला?"

"मी. पान तीन."

"लेखी कबूल करताय? नोकरीत तीनच वर्षं झालीत, म्हणून विचारतो."

"झालंय ते लिहिलंय."

त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. त्यांच्या खिडकीतून कुठलीच बाग दिसत नाही. "आणि एवढा उपद्व्याप करून तुमचा खरा आकडा ३४६. म्हणजे बाग तशीही बसत नाही. मग मी हे फाईलला लावतो आणि मोकळा होतो."

"तो एका सोमवारचा आकडा आहे. त्यात रविवार नाही. आणि किरणाची उंची चुकीची आहे. अकराही बागांत."

"उंची नियमाने आहे."

"नियम कुत्र्यांसाठी आहे. पंच्याहत्तरवर ठेवलं तरी कुत्री खालून जातात आणि मुलं सापडतात. मी चुकले. बसवताना विचारायला हवं होतं की या फाटकातून कोण जातं. मी फक्त खांब मोजले."

मी इतकं सलग कचेरीत कधी बोलले नव्हते. साहेबांनी टोपण लावून पेन खाली ठेवलं.

"सात दिवस देतो. रविवार २९ पासून. किरण पंच्याहत्तरवर, शिवाय दोन्ही फाटकांवर हातमोजणी, जोड्यांचा फरक धरून दोन्ही आकडे जुळले पाहिजेत. एक फाटक तुमचं. दुसऱ्याला माणूस तुम्ही बघा, माझ्याकडे नाही. एक जरी आकडा खोटा निघाला तर दुसऱ्या दिवशी कुलूप, आणि तुम्ही भांडारात पाइप मोजा."

"आत्याला विचारीन."

"पान दोनवरची आत्या? चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या?"

"यंत्र कुठे चुकतं ते तिला माझ्या आधी कळलं होतं. दहा तारखेला, जेवताना."

"आणि ती पुन्हा खोटं मोजणार नाही कशावरून?"

"ते माहीत नाही," मी सांगितलं.

"शनिवारी संध्याकाळपर्यंत नाव कळवा," साहेब म्हणाले. दाराशी पोचले तेव्हा म्हणाले, "घसरगुंडी अजून आहे का हो तिथे?"

"आहे."

"बरं," म्हणाले आणि दुसरी फाईल उघडली.

गुरुवार, २६

आत्या,

हे तू उद्या सकाळी माझ्या मागे वाचशील, म्हणून इथेच लिहिते. सोमवारचा आणि कालचा मजकूर आधी वाच. खोटी नोंद शुक्रवारची एकच आहे, बाकी सगळं खरं आहे.

वही वाचल्याबद्दल मला राग आला होता. आता किती आहे ते मोजता येत नाही. तीन वर्षांत मी तुला काय सांगितलं ते आठवायला बसले, तर दहा तारखेचं जेवण सोडून काही आठवेना. वाचायला दुसरं काही नव्हतंच तुझ्याकडे.

आता कामाचं.

उद्यापासून कुणीही फेऱ्या मारायच्या नाहीत. तूही नाही, मफलरवालेही नाहीत. त्यांनी बायकोचा हात धरूनच चालावं. त्यांना दोन धरायची जबाबदारी माझी. रखवालदाराला सांग, काचा पुसायला हरकत नाही, शिट्टी बंद.

रविवार ते शनिवार, सात दिवस, सकाळी सहा ते संध्याकाळी सात, पूर्वेच्या फाटकाला एक माणूस हवा. हातात बटण. आत येणारा प्रत्येक जण एकदा. पुन्हा आला तर धरायचा नाही. हातात हात असले तरी दोन. दोरीला धरलेलं मूल प्रत्येकी एक. कडेवरचंही एक. स्वतःला धरायचं नाही. खुर्ची मिळेल, चालावं लागणार नाही.

खरे आकडे ३५० च्या खाली आले तर बाग जाईल. तेव्हा तुला वाटेल, चारच तर कमी आहेत, बटण चार वेळा दाबलं तर कुणाला कळणार. मला कळेल, कारण पश्चिमेला मी असेन आणि यंत्र मध्ये असेल. पण त्यासाठी नको. मापात पाप नको हे मी तुझ्याच तोंडून ऐकलं आहे, कारखान्याच्या गोष्टी सांगतेस तेव्हा. मी ऐकत होते.

बटण चार वेळा जास्त दाबावंसं वाटेल असं आत्ताच माहीत असेल, तर नाही म्हण. मी दुसरं कुणी शोधीन आणि तुला काही विचारणार नाही.

गुडघ्यासाठी उद्या, शुक्रवारी, सकाळी साडेनऊची वेळ घेतली आहे. हा डॉक्टर खरा आहे. मी नऊला घरी परत येईन, बरोबर जाऊ.

पूर्वेच्या फाटकावर बसशील का? उत्तर शनिवारी, २८ तारखेला, संध्याकाळी पाचच्या आत दे. सहाला मला नाव कळवायचं आहे. तोंडी नको. खाली जागा सोडली आहे, पेन्सिल आत आहे.